एकापुढे एक, सतरा वेळा

अक्का, तुमच्या वह्या आता धुळ्याला आहेत. सव्वीस पूर्ण भरलेल्या आणि सत्ताविसावी अर्धी. तेरावं झाल्यावर तुमच्या भावाने त्या दोन पोत्यांत भरल्या आणि सुतळीने तोंडं बांधली. नशिराबादच्या स्टँडवर कंडक्टरने विचारलं, "काय आहे यात?"

मी म्हणाले, "वह्या."

"शाळेच्या?"

मी हो म्हणाले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते, पण काय बघितलं ते सांगता येणार नाही.

तुम्हाला जाऊन महिना झाला. कॉलेजात तास घेते, भाजी फोडणीला टाकते, कोणी कशी आहेस विचारलं की बरी आहे म्हणते. ते खोटं नाही. दाढ काढताना इंजेक्शन देतात आणि नंतर जिभेने गाल चाचपला तर तो दुसऱ्याचाच वाटतो, तसं काहीतरी आहे. दुखत नाही. आपलं वाटत नाही, एवढंच.

लोक तुमच्याबद्दल बोलतात तेव्हा शाळेतल्या बाई म्हणून बोलतात, सासर सोडून आलेली म्हणून बोलतात. सतरा एकांबद्दल कोणी बोलत नाही. ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं. आता मलाच माहीत आहे, म्हणून तुम्हालाच सांगते.

मी भावजय होऊन तुमच्या घरात आले ती एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात. लग्नाला पंधरा दिवस झाले असतील. मी ओट्यावर गहू निवडत बसले होते. तुम्हाला शाळेची सुटी होती. तुम्ही येऊन समोर बसलात. तोवर माझ्याशी तुम्ही चार वाक्यं बोलला नव्हता.

"गणितात बी. एस्सी. झाली म्हणे तू."

"हो."

"धुळ्याची."

"हो," मी म्हणाले. तुमचं सासर धुळ्याच्याच बाजूला होतं हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. त्या एका शब्दात सासरच्या नऊ वर्षांचं काय काय होतं ते मला नंतर कळलं.

"मंग सांग, एकशे अकरा कितीनं फुटते?"

"तीनने. तीन गुणिले सदतीस."

"अकरा हजार एकशे अकरा?"

मी मनात भागायला लागले. तीन नाही, सात नाही, अकरा नाही, तेरा नाही. तुम्ही थांबला नाहीत. "एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर," म्हणालात आणि उठून आत गेलात.

दुसऱ्या दिवशी मीच तुमच्याकडे आले. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा एक जुनी वही दाखवलीत. पाच एक फोडले होते, सात एक फोडले होते: दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. अकरा एक फोडायला तुम्हाला दीड वर्ष लागलं होतं, आणि तेरा एक मात्र एका दुपारी त्रेपन्नने फुटले होते. नऊ, पंधरा असल्या संख्या तुम्ही घेतल्याच नव्हत्या. पंधरा एकांचे तीन-तीनचे गट पडतात, म्हणजे एकशे अकराने भाग जाणारच, त्यात काय बघायचं. आता सतराची पाळी होती.

मी विचारलं, "एकच का? दुसरा कुठला आकडा का नाही?"

तुम्ही ते एकदाच सांगितलंत, पुन्हा कधी नाही. सासरी तुमच्याशी कोणी बोलत नसे. पाटी नव्हती, कागद नव्हता. चुलीपुढची राख हाताने सपाट करायची आणि काडीने त्यावर लिहायचं. "एक काढायले रेघच लागते," तुम्ही म्हणालात. "कोणी आलं तं पुसायलेही सोपं."

मग तुम्ही मला एक गंमत दाखवलीत. एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर या दोघांना दहाने भागलं तर बाकी एक. सात एकांच्या दोन्ही तुकड्यांना चौदाने भागलं तर बाकी एक. अकराच्या तुकड्यांना बाविसाने, तेराच्या तुकड्यांना सव्विसाने. दर वेळी एकच. "म्हणजे सतराचा तुकडा चौतीसनं भागला तं एक उरला पाह्यजे," तुम्ही म्हणालात. "हे खरं हाये का? का मले तसं वाटते?"

ते खरं होतं. मला सिद्ध करायला दोन दिवस लागले, आणि कॉलेजात शिकलेलं काहीतरी पहिल्यांदाच कुणाच्या तरी कामी आलं. मी ओट्यावर बसून खडूने सगळं मांडलं. तुम्ही प्रत्येक ओळीला "का?" विचारलंत. शेवटी म्हणालात, "म्हणजे माह्या डोळ्यांनं बरोबर पाह्यलं होतं." त्या दिवसापासून तुम्ही मला शैला म्हणून हाक मारायला लागलात. आधी मी नुसती "धुळ्याची" होते.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी तुम्ही सतराची पहिली वही सुरू केलीत. भुसावळहून आणलेली दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. चौतीसच्या पाढ्यात एक मिळवत जायचं. पस्तीस पाचने जातो, सोडून द्या. एकोणसत्तर तीनने जातो, सोडा. पहिला खरा भाजक एकशे तीन. रोज सकाळी शाळेआधी पाच भागाकार, एका पानावर, वर तारीख. तीन, पाच, सात, अकरा, तेराने जाणारे भाजक आधीच गाळलेले.

आपला वाद त्याच आठवड्यात सुरू झाला. मी म्हणायची, ही संख्या फुटणार नाही, मूळ संख्याच असेल. तुम्ही म्हणायच्या, फुटेल.

"कशावरून?"

"एवढं लांब काही एकसंध राहते का?"

"हे काही कारण नाही, अक्का."

"नसंल," तुम्ही म्हणायच्या आणि पुढचा भागाकार मांडायच्या.

चौऱ्याऐंशीत तुमच्या भावाला धुळ्याला नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. मला इथल्या एका कॉलेजात शिकवायची जागा मिळाली. तुमचं महिन्याला एक पोस्टकार्ड यायचं. वर "चि. शैला व अरविंद यांस आशीर्वाद", खाली एक संख्या, आणि सही. ख्याली-खुशाली काही नाही. त्या महिन्यात जिथवर पोचलात तो भाजक. तुमचा भाऊ कार्ड उलटसुलट करून मला द्यायचा आणि म्हणायचा, "बहिणीचं पत्र मला, आणि मजकूर तुला." तो हसायचा. त्याला वाटायचं हा तुमचा काही शाळेचा उद्योग आहे. त्याने विचारलं नाही, आपण सांगितलं नाही.

सत्त्याऐंशीत मी एक चूक केली. चूकच म्हणते. एका पुस्तकात वाचताना माझ्या लक्षात आलं की तुम्ही तपासता त्यातले निम्मे भाजक तपासायची गरजच नाही. चाळीसने भागून जी बाकी उरते तिच्यावरून आधीच सांगता येतं की हा जाणार नाही. मी उत्साहाने चार पानी पत्र लिहिलं. तुमचं काम निम्म्यावर येईल, असं लिहिलं. सहा वर्षांतले निम्मे भागाकार नाही केले असते तरी चाललं असतं, हेही त्यात आपोआप आलं, ते मला लिहिताना कळलं नाही.

चार महिने कार्ड आलं नाही. मग आलं. त्यावरचा भाजक चाळीसने भागून बघितला, तर तो गाळायच्या यादीतलाच होता. तुम्ही एकही सोडला नव्हता. दिवाळीला आले तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "चौतीसचा नियम मले दिसला होता. हा तुह्या पुस्तकातला हाये. मले जे दिसत नही ते मी कसं सोडू?" मी समजावायला गेले. तुम्ही ताटात ठेचा वाढलात आणि विषय संपला.

म्हणून एक्क्याण्णवमध्ये मी गप्प बसले.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला होता. एक तरुण प्राध्यापक त्यावर प्रोग्रॅम लिहायचे. एकदा बोलता बोलता मी त्यांना सतरा एकांचं सांगितलं, चौतीसचा नियम सांगितला. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं, मशीनवर बसवलं आणि आम्ही कँटीनला गेलो. पाऊण तासाने परत आलो तेव्हा पडद्यावर एक संख्या होती.

२०,७१,७२३.

वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. मी कागदावर भागून बघितलं. बाकी शून्य. दुसरा तुकडा आला पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न. म्हणजे वादात तुम्ही जिंकला होता. ते प्राध्यापक म्हणाले, "मॅडम, झालं." मी हो म्हणाले. तुम्ही त्या महिन्यात सोळा लाखांच्या जवळ होता.

घरी येऊन मी हिशोब मांडला. तुमच्या चालीने तिथे पोचायला अजून तीन वर्षं. ठरवलं की पोचू द्यायचं. तुमचं तुम्हाला सापडू द्यायचं. सापडलं की मी म्हणेन, "अक्का, मी हरले." त्या तीन वर्षांत दर वेळी कार्ड आलं की मी मनात किती उरले ते मोजायची. हे मला प्रेमच वाटत होतं. अजूनही दुसरं काही वाटत नाही, पण आता त्या शब्दाचं नक्की काय करायचं ते कळत नाही.

चौऱ्याण्णवच्या एप्रिलचं कार्ड: २०,६२,१६९. मी आठ दिवस अस्वस्थ होते. मेमध्ये तुमचं कार्ड येईल आणि त्यावर पहिल्यांदा संख्येशिवाय काहीतरी लिहिलेलं असेल.

मेचं कार्ड आलं. २०,७५,७०१.

मी ते कार्ड हातात घेऊन बसले. तुम्ही पुढे गेला होता. त्या पानावर कुठेतरी तुमचा भागाकार चुकला होता आणि तुम्हाला कळलं नव्हतं. आणि आता तुम्ही कितीही वर्षं भागत राहिलात तरी काही सापडणार नव्हतं, कारण दुसरा तुकडा पाचशे कोटींच्या पलीकडे होता.

त्या दिवाळीला मी धीर करून म्हणाले, "अक्का, वीस लाखांच्या पुढचे जरा परत तपासायचे का? एवढे आकडे, एखादा हातचा राहू शकतो."

तुम्ही चष्मा काढलात. "बावीस वर्षं पोरींले भागाकार शिकवते मी. माहा हातचा राहत नही."

"नाही, तसं नाही."

"मंग कसं?"

बोलले असते तर चूकही सांगावी लागली असती आणि तीन वर्षं मला माहीत होतं हेही. मी म्हणाले, "काही नाही." अक्का, मी ते वाक्य किती सहज म्हणाले होते.

पंच्याण्णवच्या पावसाळ्यात तुमच्या पोटात दुखायला लागलं. जळगावच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली, ऑपरेशन लवकर करा म्हणाले. तुमचा भाऊ तुम्हाला न्यायला दोनदा आला. तुम्ही नाही म्हणालात. त्याला कारण सांगितलंत शाळेचं: परीक्षा, मग सुटी, मग नवीन इयत्ता. मला खरं कारण सांगितलंत.

"आता जवळ आलं हाये, शैला. मले वाटते या वर्षात फुटते. पोट फाडल्यावर बसता येते का नही कोणाले माहीत. हे फुटलं की जाऊ."

मी तुमच्या समोर बसले होते. मला माहीत होतं की ते फुटायची जागा वर्षापूर्वीच येऊन गेली आहे. ते मागे राहिलं होतं, पुढे काही नव्हतं. मी म्हणाले, "अक्का, तब्येत आधी." कोणीही म्हणेल ते मी म्हणाले. पुढच्या सहा महिन्यांत मी तेच चार-पाच वेळा म्हणाले, आणि दर वेळी तुम्ही म्हणालात, "हे फुटू दे."

जानेवारीत आले तेव्हा तुमची मनगटं बघितली आणि मग थांबता आलं नाही. सकाळची वेळ होती. तुम्ही पाटावर वही घेऊन बसला होता, साडेतेवीस लाखांच्या पुढे कुठेतरी. मी म्हणाले, "अक्का, ते राहू द्या. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीसने एकदा भागून बघा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. नवीन पान काढलंत, तारीख घातलीत, भागाकार मांडलात. पाच. तीन. सहा. आकडे नेहमीसारखेच सरळ. शेवटच्या सातावर आलात, वर आणि खाली तीच संख्या आली. तुम्ही रेघ मारलीत आणि शून्य लिहिलंत.

"तुले कधीपासून माहीत?"

"एक्क्याण्णवपासून."

"कोणी काढलं?"

"कॉलेजातल्या मशीनने."

"किती दिवस लागले?"

"पाऊण तास."

तुम्ही पेनाला टोपण लावलंत. मी वाट बघत होते की तुम्ही रागवाल. रागावला असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. तुम्ही म्हणालात, "अरविंदाले फोन कर. उद्या जाऊ जळगावले." आणि उठून स्वतःच बॅग भरायला लागलात.

डॉक्टरांनी पोट उघडलं आणि बंद केलं. आम्ही जळगावातच, मेहरूणला तुमच्या मावसबहिणीकडे उतरलो होतो. तिथून मी डबा घेऊन यायची आणि दुपारी तुमच्याजवळ बसायची. सहा महिने आधी आलो असतो तर, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, आता ते बोलून काय?" हे उत्तर होतं की नव्हतं, मी ठरवू शकलेले नाही.

चौथ्या दिवशी तुम्ही शुद्धीत होता. डोळे मिटूनच विचारलंत, "दुसरा तुकडा फुटते का?"

"ते मशीनला विचारलं नव्हतं, अक्का. विचारून सांगते."

"मशीन काहाले? ते तं मी करूनच ठेवलं हाये."

मला वाटलं औषधाची गुंगी आहे. तुम्ही पाचशे कोटींच्या संख्येला कधी हात लावला नव्हता, ती संख्या तुम्हाला आठ दिवसांपूर्वी पहिल्यांदा दिसली होती. मी म्हणाले, "हो, हो. पडा तुम्ही आता." आणि चादर सारखी केली. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत, आणि पुन्हा मिटलेत. आपलं गणितातलं ते शेवटचं बोलणं. त्यानंतर पाच दिवस तुम्ही पाणी मागितलंत, कूस बदलायला सांगितलंत. पाचव्या दिवशी दुपारी गेलात.

सुतकात घरी माणसं येत-जात होती. मी तुमच्या खोलीत बसायची. चौऱ्याण्णवची वही काढून मी ते पान शोधलं. मे महिना, पानावरचा तिसरा भागाकार. तिसऱ्या पायरीवर वजाबाकी करताना नवातून एक उसना गेला होता, तो धरायचा राहिला. पाचच्या जागी सहा. तिथून पुढे सगळं बरोबर केलेलं, आणि खाली बाकी चौदा लाख एकोणतीस हजार पाचशे चौदा. त्या दिवशी काय झालं असेल ते मी आठवून बघितलं. कोणी आजारी नव्हतं, कोणी वारलं नव्हतं, आपलं भांडणही नव्हतं. साधा दिवस होता. एक हातचा राहिला.

आणि मग, चहाचे कप विसळत असताना, मला तुमचं बोलणं कळलं.

दुसरा तुकडा फुटला असता, तर त्याच्या तुकड्यांनी सतरा एकांनाही भाग गेला असता. त्यातला लहान तुकडा त्र्याहत्तर हजारांच्या आसपास किंवा त्याच्या आत असायला हवा. आणि त्र्याहत्तर हजारांपर्यंतचा प्रत्येक भाजक तुम्ही तपासला होता. पहिल्याच वहीत, पहिल्याच सहा महिन्यांत. कशानेच भाग गेला नव्हता. म्हणजे दुसरा तुकडा मूळ संख्या आहे, आणि हे सिद्ध करून तुम्ही एक्क्याऐंशी सालीच ठेवलं होतं, फक्त कशाबद्दल ते माहीत नव्हतं. पोटाला टाके असताना, डोळे मिटून, तुम्हाला ते क्षणात दिसलं. मी बी. एस्सी., एम. एस्सी., बारा वर्षं शिकवणारी. मी चादर सारखी केली.

पहिल्या वहीतले ते भागाकार मी तपासले. आठशेच्या वर आहेत. सुतकात कोणी कामाला लावत नाही, बारा दिवस मिळाले. एकही चुकलेला नाही, अक्का. एकही नाही.

तुम्हाला सांगायच्या अजून दोन गोष्टी राहिल्या. एक अशी की तुमच्या वीस लाखवाल्या संख्येने एकाला भागलं, तर दशांश चिन्हापुढे सतरा अंक येतात आणि मग तेच सतरा पुन्हा पुन्हा. बरोबर सतरा अंकांनी फिरणाऱ्या मूळ संख्या दोनच आहेत, आणि त्या दोन्ही तुमच्या. तिसरी नाही, कधी असणारही नाही. हे तुम्हाला आवडलं असतं. दुसरी गोष्ट, तुम्ही म्हणायच्या की हे झालं की एकोणीस एक घेऊ. एकोणीस एक फुटत नाहीत. ती संख्या एकसंध आहे. मला एक्क्याण्णवपासून हेही माहीत होतं.

परवा रविवारी तुमच्या भावाने पोती सोडली. एक वही काढली, चाळली, दुसरी काढली. मग मला विचारलं, "यात आहे तरी काय?"

मी त्याला सगळं सांगितलं. राखेपासून. कार्डांवरच्या संख्या काय होत्या ते सांगितलं. मशीनचं सांगितलं. मेच्या कार्डाचं सांगितलं. तुम्ही ऑपरेशन का पुढे ढकललं, आणि मला माहीत असून मी किती महिने बोलले नाही, ते सांगितलं. माझं सांगून होईपर्यंत बाहेर ओरडणारी भाजीवाली गल्लीच्या टोकाला गेली होती.

मग तो म्हणाला, "त्या दोन संख्या सांग."

मी सांगितल्या. त्याने तुमच्या अर्ध्या वहीचं कोरं पान उघडलं, पेन्सिल घेतली आणि एकाखाली एक लिहून गुणाकार मांडला. त्याला आकड्यांची सवय नाही. बोटांवर मोजत, पुटपुटत, सहा ओळी लिहायला त्याला अर्धा तास लागला. मी काही सुचवलं नाही. मग तो उजवीकडून बेरीज करायला लागला.

"एक. सात आणि चार अकरा, एक लिहिला, हातचा एक. शून्य, एक, नऊ आणि हातचा एक, अकरा. एक लिहिला." त्याने माझ्याकडे बघितलं. "सात, सात, नऊ, सात, तीस. हातचा एक, एकतीस. पुन्हा एकच."

"एकच येणार," मी म्हणाले.

तो पुढे करत गेला. दर रकान्याखाली एक रेघ. बेरजा मोठ्या व्हायला लागल्या, हातचे वाढले, तो प्रत्येक हातचा वर बारीक लिहून ठेवत होता, एकही न विसरता. अकराव्या एकापाशी त्याची पेन्सिल थांबली. त्याला पुढचं दिसत नव्हतं. त्याने वही माझ्याकडे सरकवली.

उरलेले सहा एक मी लिहिले.